खात्रीमावशीची खोली

त्या परक्या शहरात आपलं माणूस नव्याने उतरलं, की आधी आलेले लोक त्याला दोन गोष्टी हमखास सांगायचे. एक, जाड कोट घे. दुसरी, खात्रीमावशीला विचारल्याशिवाय घरासाठी कुणाच्या हातावर पैसा ठेवू नकोस.

तिचं खरं नाव विचारायची कुणाला कधी गरज पडली नव्हती. एका आजारी म्हातारीच्या घरी राहून ती तिची देखभाल करायची. अंघोळ घालायची, औषधं द्यायची, कूस बदलायची आणि तिच्या शिव्या ऐकायची. आठवड्यातून एक सुट्टी मिळायची. बाकीच्या बायका त्या दिवशी झोपायच्या नाहीतर बाजारात जायच्या, आणि मावशी दुसऱ्यांची घरं बघत फिरायची. कुणातरी नवीन जोडप्याला भाड्याने घर हवं असायचं, कुणीतरी मालक आगाऊ रक्कम मागत असायचा, आणि तो मालक खरा की भामटा ते मावशीने सांगायचं असायचं. त्याबद्दल ती काही घेत नसे. फार तर एक कप चहा, तोही कमी साखरेचा.

हे खूळ तिच्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. ती आणि नवरा पहिल्यांदा इथे आले तेव्हा त्यांनाही घर हवं होतं. एक गृहस्थ भेटले, आपल्यातलेच. घटकाभर बोलणं झालं आणि आपल्या लोकांचं जे होतं तेच झालं. तुम्ही कुठले, कुणाचे, तुमच्या आत्याला कुठे दिली, अरे, म्हणजे आपण नात्यातच निघालो की! ते गृहस्थ नवऱ्याचे लांबचे मेहुणे निघाले. आता मेहुणे निघाल्यावर कागद कुठल्या तोंडाने मागायचा? नवरा विचारणारच होता, तर हिनेच त्याला कोपर मारलं. बरं दिसत नाही म्हणून. बरं दिसावं म्हणून होते नव्हते ते पैसे त्यांनी मेहुण्याच्या हवाली केले, आणि सामान घेऊन गेले तर आत एक अनोळखी कुटुंब जेवायला बसलेलं. घर त्या कुटुंबाचंच होतं आणि मेहुण्याचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. नवरा त्यानंतर बरीच वर्षं जगला, पण त्या कोपराबद्दल त्याने बायकोला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून तिने कानाला खडा लावला, आणि स्वतःच्या कानाला लावून भागेना म्हणून गावभरच्या कानांना लावायला लागली. "नातं मागाहून जुळवा," ती नव्या लोकांना म्हणायची, "आधी त्याला घराचं पाणी बंद करायला सांगा." घराचं मुख्य पाणी कुठून बंद होतं हे खऱ्या मालकाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. भामटा आधी स्वयंपाकघरात वाकतो, मग न्हाणीघरात वाकतो आणि मग म्हणतो, थांबा, प्लंबरला फोन करतो. शेजाऱ्यांनाही ती मालक कोण असं विचारायची नाही. छत गळलं की तुम्ही शिव्या कुणाला घालता, असं विचारायची. एवढं झालं की नोंदणी कचेरीत जायची. घर कुणाच्या नावावर आहे ते तिथे कुणालाही विचारता यायचं. खिडकीतला कारकून तिला ओळखून होता. ती दिसली की तो म्हणायचा, आज कुणाचं जमलेलं मोडायला आलात?

तिची सगळ्यात आवडती खूण वेगळीच होती. खरा मालक कुरकुरतो, असं तिचं मत होतं. आधीच्या भाडेकरूने भिंतीला खिळे ठोकले, ह्या नळाने माझा खिसा कापला, ही खिडकी जोरात ओढू नका. भामट्याला मात्र घरातलं सगळंच आवडतं, कारण त्यातल्या कशावर त्याने दमडी खर्च केलेली नसते. ह्या एका खुणेवर तिने कितीतरी संसार उघड्यावर पडता पडता वाचवले.

असल्या भामट्यांमध्ये एक होता त्याला सगळे जुडगा म्हणायचे, कारण त्याच्या कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा लटकलेला असायचा. किल्ल्या बघितल्या की माणसाला वाटायचं, केवढी घरं असतील ह्याची! त्याचं एकही नव्हतं. एखादं मोठं घर तो स्वतः भाड्याने घ्यायचा, आपण मालक आहोत असं सांगून त्यातल्या खोल्या चौघा-पाचजणांना द्यायचा, सगळ्यांच्या आगाऊ रकमा गोळा करायचा, आणि खऱ्या मालकाचं भाडं थकलं की दुसऱ्या पेठेत उगवायचा. मावशीने त्याची गिऱ्हाइकं कैक वेळा उठवली होती. तरी रस्त्यात भेटला की वाकून म्हणायचा, "मावशी, तब्येत बरी ना?" मावशी तोंड फिरवायची. तिला त्याच्या चोरीपेक्षा त्या वाकण्याचा जास्त राग यायचा.

मग ती म्हातारी गेली. तिच्या लांब राहणाऱ्या दोन मुलांना आई जिवंत असताना तिकिटं कधी मिळत नव्हती. ती मेल्यावर दोघांनाही ताबडतोब मिळाली. घर विकायचं ठरलं. मावशीची मागची खोली घराबरोबरच गेली, नोकरीही गेली. थोरल्याने तिचे दोन्ही हात हातात घेऊन तिचे आभार मानले आणि महिनाअखेरीपर्यंत खोली रिकामी करायला सांगितली.

आता गंमत बघा. जन्मभर लोकांची घरं पारखणाऱ्या ह्या बाईवर स्वतःसाठी घर बघायची वेळ त्या पहिल्या फसवणुकीनंतर आलीच नव्हती. नवरा होता तोवर त्याच्या कारखान्याच्या चाळीत, नंतर म्हातारीच्या मागच्या खोलीत. तिला रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायचं अर्ध्या दिवसाचं काम मिळालं आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात ती खोली शोधायला निघाली. खरं सांगायचं तर तिला थोडी मजाच वाटत होती.

खोली मिळालीही. एका विधवा शिंपिणीच्या दुकानावर, जिन्याला लागून. मावशीने म्हटलं, पाणी कुठून बंद होतं? शिंपीण शिलाई यंत्रावरून उठलीसुद्धा नाही, पायानेच दाखवलं. मग खिडकीबद्दल कुरकुरली, आधीच्या भाडेकरणीबद्दल कुरकुरली, नळाच्या नावाने तर बोटं मोडली. मावशीचा जीव सुपाएवढा झाला. इतकी अस्सल मालकीण तिने जन्मात बघितली नव्हती.

"सगळं ठीक आहे," शिंपीण म्हणाली, "पण तुमची नोकरी अर्धीच. तुमच्यासाठी जामीन कोण राहील? पक्की नोकरी किंवा स्वतःचं घर असलेलं एखादं माणूस आणा. त्याने सही केली की खोली तुमची."

"एक का, दहा आणते," मावशी म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

पहिल्यांदा ती एका हिशेबनिसाकडे गेली. हा हिशेबनीस आणि त्याची बायको इथे आले तेव्हा जुडग्याच्या हातात पैसे ठेवायला निघाले होते. मावशीने ऐनवेळी हात धरला होता. आता त्यांचं स्वतःचं दुमजली घर झालं होतं. बायकोने चांगल्या कपात चहा दिला, साखर कमी लागते हेसुद्धा तिने लक्षात ठेवलं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि मग पदर नसताना पदर सारखा केल्यासारखं केलं.

"मावशी, तुम्ही आम्हाला आईच्या जागी. पण सहीचं म्हणाल तर ह्यांचा नियमच आहे, कुणासाठी करायची नाही. सख्ख्या भावाला नाही म्हणाले हो."

हिशेबनीस आतल्या खोलीत होता. त्याचा खोकला ऐकू येत होता, तो काही बाहेर आला नाही.

मावशी उठली. दारापर्यंत सोडायला आलेल्या बाईने तिचा हात धरला. "आणि हो मावशी, आम्ही वरचा मजला भाड्याने द्यायचं म्हणतोय. नोकरदार कुटुंब हवंय. कुणी चौकशीला आलं तर सांगाल ना, मालक खात्रीचे आहेत म्हणून?"

"सांगेन," मावशी म्हणाली. रस्त्यावर येईपर्यंत तिला राग आलाच नाही. रस्त्यावर आल्यावर मात्र इतका आला, की ती चुकीच्या दिशेला बरंच अंतर चालत गेली.

मग सख्ख्या बहिणीची मुलगी. तिचं घरही मावशीनेच बघून दिलेलं. भाची गळ्यात पडली, रडली. "मावशी, मी काय गं, मी आत्ता सही केली असती, पण घर ह्यांच्या नावावर आहे. तू विचार ना ह्यांना. तुला नाही म्हणणार नाहीत."

जावई समोरच बसला होता, मोबाइलमध्ये डोकं घालून. भाचीचा नवरा का असेना, जावईच तो. त्याच्यापुढे मावशीने आजवर कधी हात पसरला नव्हता, तो आल्यावर खुर्चीवरून उठायची ती. ह्याच्यापुढे तोंड उघडायचं म्हणजे बहिणीला मान खाली घालायला लावायची. तिने विचारलं नाही. ती म्हणाली, "अगं, होईल काहीतरी, तू जिवाला लावून घेऊ नकोस." जावयाने मान वर करून, "निघालात? जेवून जा की," एवढं म्हटलं.

बाकीच्यांचं काय सांगायचं! एकाने फोन उचलला नाही. दुसऱ्याची कागदपत्रं अचानक अडचणीत आली. तिसरी एक बाई होती, जिच्यासाठी मावशी भर पावसात अर्धा दिवस एका फाटकाशी उभी राहिली होती. ती म्हणाली, "मावशी, राग मानू नका, पण तशी आपली ओळख ती किती?" गरज सरो वैद्य मरो, आणि हा वैद्य तर फीसुद्धा घेत नव्हता. मावशीला वाटायचं, ह्या शहरात आपल्याला कितीजण ओळखतात! ते तिचं काम ओळखत होते.

शिंपिणीने दिवस मोजून वाट बघितली आणि खोली दुसऱ्या बाईला दिली. तिला दोष देता येत नव्हता. तिच्या जागी मावशी असती तर तिनेही दुसरं काही केलं नसतं.

महिनाअखेर आली, थंडी आली. म्हातारीच्या फाटकाबाहेर मावशी दोन बॅगा घेऊन उभी होती तेव्हा जुडगा समोर आला. तो योगायोगाने आला असं त्याने दाखवलं, आणि तिनेही मानून घेतलं. तो वाकला.

"मावशी, ऐकलं मी. माझ्याकडे एक खोली आहे. जामीन नको, आगाऊ काही नको. भाडं जमेल तसं द्या."

"पाणी कुठून बंद होतं रे त्या घराचं?" मावशीने विचारलं.

जुडगा मनापासून हसला. "मला काय माहीत! माझं थोडंच आहे ते घर? मालक परदेशात आहे. तुमच्याशी कशाला खोटं बोलू, मावशी?"

सगळ्या शहरात त्या महिन्यात तिच्याशी सरळ बोललेला तो पहिला माणूस होता, आणि ह्याचीच तिला लाज वाटली. अडला हरी गाढवाचे पाय धरी हे तिने लोकांना हजारदा ऐकवलं होतं, हरी झाल्यावर कसं वाटतं ते तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "एक सांगते. मला कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगेन."

"सांगा की," जुडगा म्हणाला आणि त्याने दोन्ही बॅगा उचलल्या.

खोली स्वच्छ होती. खिडकीखाली खोली उबदार ठेवणारी गरम पाण्याची नळी होती, ती खरोखर गरम व्हायची. मावशीने पातेली मांडली, कपडे घडी करून ठेवले. मनाची समजूत घातली की आपण फक्त राहतोय, आपण काही कुणाला फसवत नाही. पण जुडगा खोल्या दाखवायला माणसं आणायचा तेव्हा तिच्या दाराशी जरा जास्त वेळ थांबायचा. "ह्या आपल्या मावशी," एवढंच म्हणायचा. माणसं आत डोकावायची, भांडी बघायची, तिला हात जोडायची आणि त्यांचे चेहरे सैल पडायचे. त्यांतल्या कुणीही तिला काही विचारलं नाही. मावशी तेवढ्यापुरती पाठ करून उभी राहायची. विचारलं नाही तर काय सांगायचं, असं ती स्वतःला म्हणायची. एकेक करत घर भरलं, शेवटची एक खोली उरली.

त्या खोलीसाठी एक नवं जोडपं आलं. मुलगी कोवळी होती, कोटाच्या बाह्या तिच्या बोटांवर येत होत्या. नवरा जुडग्याबरोबर खोली बघत होता, तेवढ्यात ती स्वयंपाकघरात मावशीजवळ आली.

"तुम्हीच ना त्या, खात्रीमावशी? आम्हाला येताना सगळ्यांनी सांगितलं होतं, तुम्हाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही म्हणून. मावशी, मालक खरा आहे ना?"

मावशीच्या हातात धुतलेलं पातेलं होतं. तिला नळी आठवली, खिडकी आठवली, बाहेरची थंडी आठवली. तिने पातेलं खाली ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "ह्याचं घर नाही हे. हा तुमचे पैसे घेऊन पळेल आणि खरा मालक येऊन तुम्हाला बाहेर काढेल. एक पैसा देऊ नका. नवऱ्याला घेऊन जा इथून."

हे बोलताना तिचा आवाज चढला, आणि कितीतरी दिवसांनी तिला स्वतःबद्दल बरं वाटलं. खोली गेली तर गेली, म्हटलं. मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिची नजर मावशीने खाली ठेवलेल्या पातेल्याकडे वळली.

"पण मावशी, तुम्ही तर राहता इथे."

"मला कुणी जामीन मिळाला नाही, म्हणून राहते."

"तुम्हाला?" मुलगी म्हणाली. तिला ते अजिबात पटलं नाही, आणि का पटावं?

ती बाहेर गेली. मावशीला नवऱ्याचा आवाज ऐकू आला, दबका, पण पुरेसा मोठा. "अगं, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. आणखी लोक आले की स्वयंपाकघरात गर्दी होते ना. तिला नकोय आपण."

आणि मग जुडग्याचा, मधाळ. "मावशींचा स्वभावच आहे तो. कुणावर विश्वास ठेवत नाहीत. माझ्यावरही आधी ठेवला नव्हता. वाटेल त्या परीक्षा घेतल्या, पाण्याचं विचारलं, सगळं विचारलं. आणि मग आल्या बॅगा घेऊन राहायला. आता ह्यापुढे मी काय सांगू?"

पैसे तिथेच दिले गेले. मावशी दारात आली होती. तिने "देऊ नका हो" असं मोठ्याने म्हटलंही. नवऱ्याने तिच्याकडे, आपण वडीलधाऱ्यांकडे बघतो तसं समजुतीने बघितलं, आणि नोटा पुढे केल्या.

ती माणसं सामान आणायला गेल्यावर मावशीने बॅग ओढली आणि कपडे कोंबायला लागली. जुडगा चौकटीला टेकून उभा होता. तो चिडलेला नव्हता, हेच भयंकर होतं.

"कशाला त्रास करून घेताय, मावशी? तुम्हाला बोलायचं ते बोला. रोज बोला, मी अडवणार नाही. तुम्ही फक्त राहा."

"मी आज जाते," मावशी म्हणाली.

"जा ना," जुडगा म्हणाला. "कुठे?" त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तो खरंच उत्तराची वाट बघत होता.

ती बॅग घेऊन खाली उतरली. कोपऱ्यापर्यंत गेली. भाचीचा नंबर काढला, जावई आठवला, फोन परत ठेवला. वाऱ्याने कान दुखायला लागले. ज्या जिन्याने उतरली त्याच जिन्याने ती वर आली, आणि आपण परत आलो हे कुणी बघितलं का, हे तिने आधी बघितलं. नवी मुलगी सामान लावत होती. "आलात मावशी? चहा टाकलाय," ती म्हणाली. मावशी चहा प्यायली.

थंडी सरायच्या आत जुडगा नाहीसा झाला आणि खरा मालक दोन पोलीस घेऊन आला. तो अस्सल मालक होता. जिना चढताना भिंतीवरच्या खिळ्यांबद्दल कुरकुरत होता. दुपारपर्यंत सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्या आणि सगळे भाडेकरू गाद्या, पातेली, बोचकी घेऊन रस्त्यावर उभे राहिले. पैसे सगळ्यांचेच गेले होते, मावशीचे तेवढे नव्हते. ते ह्या लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. कुणीतरी "सामील होती" हा शब्द उच्चारला. कुणी तो खोडून काढला नाही.

मावशीने त्या मुलीकडे बघितलं. मावशीने काय सांगितलं होतं ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. "अगं, मी सांगितलं होतं ना तुला?"

"हो, सांगितलं होतं," मुलगी म्हणाली. ती रडत नव्हती, फार शांत होती. "सगळं माहीत होतं तुम्हाला. मग तुम्ही राहिलात कशाला? तुम्ही राहिलात म्हणून आम्ही राहिलो ना?"

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मावशीने बॅग ह्या हातातून त्या हातात घेतली.

"थंडी होती गं," ती म्हणाली.

मुलीने मान वळवली, गादीची एक बाजू स्वतः धरली, दुसरी नवऱ्याला धरायला सांगितली, आणि दोघं रस्ता ओलांडून गेले.